महदाईसा गात होती, त्याआधी विचारत होती

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तेव्हापासून आमच्याकडे नांदेड जिल्ह्यात मुदखेडपासून उमरी-धर्माबादपर्यंत कुठेही मराठी भाषा गौरव दिन असला की भाषणांचा एक ठरीव क्रम झाला आहे. गाथासप्तशती, शिलालेख, लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी. लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी यांच्या मधल्या फटीत एक वाक्य हमखास येते : महदंबा ही मराठीतली आद्य कवयित्री, तिने धवळे रचले. वाक्य संपते आणि वक्ता आळंदीच्या वाटेला लागतो.

या वाक्यात चूक काहीच नाही, म्हणूनच ते खोडून काढणे अवघड आहे. अडचण त्याच्यामागे उभ्या असलेल्या समजुतीची आहे. ती समजूत थोडक्यात अशी : महदाईसा, म्हणजेच महदंबा, ही भोळी, भाविक बालविधवा होती. रिद्धपूरला गोविंदप्रभूंनी एकदा लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा तिला लग्नाची गाणी, म्हणजे धवळे, सुचली आणि तिने ती म्हटली. गाणी साधीसुधी आहेत, अकृत्रिम आहेत, बायकी जिव्हाळ्याची आहेत. त्यांचे मोल आहे ते मुख्यतः ती जुनी आहेत म्हणून. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात महदाईसेला मान आहे, पण हा मान वयाने मोठ्या माणसाला मांडवात पहिल्या रांगेत बसवतात तसा आहे. तिचे मत कुणी विचारत नाही.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. महदाईसा ही मुळात चर्चा करणारी, शंका काढणारी, समजून घेतल्याशिवाय पुढे न सरकणारी बाई होती. धवळे हा तिच्या कामाचा एक भाग, आणि तोही अभ्यासू, घडवलेला. तिला ‘आद्य कवयित्री’ म्हणून गौरवताना आपण तिचे निम्मे कर्तृत्व झाकून टाकतो.

आता पूर्वपक्षाला न्याय द्यायचा तर त्याची सगळ्यात बळकट बाजू आधी मांडली पाहिजे. धवळे गायले गेले तो प्रसंग महानुभाव पंथाच्या चरित्रग्रंथांतच नोंदलेला आहे. गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ, चक्रधरस्वामींचे गुरू. त्यांचे वागणे लोकरीतीत न बसणारे, लहान मुलासारखे. त्यांनी विवाहाचा हट्ट धरला, भोवतीच्या भक्तांनी तो खेळ मनावर घेतला, लग्नाची तयारी झाली आणि महदाईसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे म्हटले. म्हणजे गाणे प्रसंगातून जन्मले, प्रसंगाला धरून म्हटले गेले. मग त्याला उत्स्फूर्त म्हणण्यात काय वावगे, असे कुणी विचारले तर प्रश्न रास्त आहे.

उत्तर असे की जागेवर गाणे आणि कसब नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उमरी भागात लग्नघरी हळदीच्या रात्री अजून एखादी जाणती बाई गायला बसते. तेलंगणाची सीमा जवळ असल्याने पाहुण्यांत तेलुगू बोलणाऱ्याही असतात आणि गाण्यांत दोन्हीकडचे शब्द येतात. आता बऱ्याच ठिकाणी डीजे तिला गप्प करतो, ते असो. पण तिला ऐकावे. ती समोरच्या वरमाईचे नाव, माहेरचे गाव, आणलेल्या साडीचा रंग जागच्या जागी ओवत जाते. हे तिला ‘सुचते’ असे आपण म्हणतो. खरे म्हणजे तिच्याजवळ चाल आहे, ठरलेल्या जागा आहेत, यमकांचा साठा आहे, कुठे लांबवायचे आणि कुठे तोडायचे याचा अनेक वर्षांचा सराव आहे. 1930च्या दशकात मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी युगोस्लाव्हियातल्या शाहिरांची दीर्घ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि दाखवून दिले की ऐनवेळी हजारो ओळी गाणारा गायक हा अत्यंत शिस्तीचा कारागीर असतो. होमरच्या महाकाव्यांकडे पाहण्याची दृष्टी त्या कामाने बदलली. होमरच्या बाबतीत जी गोष्ट जगाने मान्य केली ती महदाईसेच्या बाबतीत मानायला आपली तयारी नसावी, याचे कारण गाणारी बाई आहे यापेक्षा वेगळे मला सापडत नाही.

शिवाय धवळे हा काही रानफुलासारखा उगवलेला प्रकार नव्हता. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, आज कर्नाटकात गेलेले बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ज्ञानकोश सिद्ध केला. त्यात कुठल्या प्रसंगी कुठले गीत गावे हे सांगताना विवाहात धवल गावा असे त्याने नोंदवले आहे, आणि महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, हेही तिथेच आहे. ओवीचा तो उल्लेख आपण भाषणांत अभिमानाने सांगतो, त्याच्याच शेजारचा धवलाचा उल्लेख मात्र सोडून देतो. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातही धवल हा प्रबंधांचा एक प्रकार म्हणून शास्त्रात घेतला आहे. म्हणजे महदाईसेने हाताशी धरलेला प्रकार बायकांच्या तोंडी होता आणि राजसभेतल्या पंडितांच्या पोथीतही होता. तिने तो का निवडला, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. ‘तिला तेवढेच येत होते’ हे त्याचे उत्तर नव्हे.

तेवढेच येत नव्हते याचा पुरावा तिच्याच नावावर आहे. धवळ्यांखेरीज ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ ही तिची रचना सांगितली जाते. मातृका म्हणजे वर्णमाला, आणि वर्णमालेच्या क्रमाने कडव्यांची आद्याक्षरे घेत कथा पुढे न्यायची हा तिचा बांधा. लग्नाच्या गडबडीत, भावनेच्या भरात असले काही सुचत नसते. ज्याला लिपी डोळ्यांपुढे दिसते, अक्षरांचा क्रम ज्याच्या बोटांवर आहे, त्यालाच हा खेळ मांडता येतो. एकच कथा तिने दोनदा, दोन वेगळ्या बांध्यांत रचली. गाण्यासाठी एक, अक्षरांच्या कसरतीसाठी एक. याला आपण कवीचा प्रयोग म्हणतो, निदान पुरुष कवींच्या बाबतीत म्हणतो. आणि धवळे तरी एका बैठकीत झाले का? त्यांचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे दोन भाग आहेत. पूर्वार्ध 1287च्या आसपास गोविंदप्रभूंच्या त्या विवाहप्रसंगी झाला, उत्तरार्ध निराळ्या वेळी जोडला गेला. पूर्वार्धात 83 आणि उत्तरार्धात 65 मिळून 148 धवळे मोजले जातात. प्रसंग सरून गेल्यावर अपुरी कथा पुन्हा हाती घेऊन शेवटास नेणे याला उत्स्फूर्तता म्हणत नाहीत.

कथेची निवडही पाहण्यासारखी आहे. भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणीहरण येते. त्यात रुक्मिणी ब्राह्मणाकरवी कृष्णाला निरोप धाडते. सात श्लोकांचा हा निरोप म्हणजे एका मुलीने आपल्या लग्नाचा आपणच घेतलेला निर्णय : शिशुपालाशी ठरवलेले लग्न मला नको, तू ये, अमुक दिवशी, अमुक देवळापाशी ये. भागवतातल्या इतक्या कथांमधून महदाईसेने ही उचलली. त्यातून रुक्मिणी विदर्भाची, तिचे कौंडिण्यपूर आजच्या अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी, आणि गाणे म्हटले जात होते ते रिद्धपूरही त्याच जिल्ह्यात. वऱ्हाडातल्या श्रोत्यांपुढे वऱ्हाडच्या लेकीचे लग्न गायचे, हे श्रोता ओळखून केलेले काम आहे.

इथे मराठी वाङ्मयेतिहासाची एक गंमत सांगायला हवी. मराठीत रुक्मिणीस्वयंवराची परंपरा फार मोठी. नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ 1292च्या सुमाराचे. रामदेवराय यादवाने ते आपल्या नावावर मागितले आणि नरेंद्राने दिले नाही, ही कथा महानुभाव परंपरा सांगते. पुढे एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ 1571चे. लग्न जमत नसलेल्या मुलींनी त्याचे पारायण करायचे हा रिवाज मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत अजून आहे. या दोन्ही ग्रंथांची चर्चा आख्यानकाव्य या सदरात होते : अलंकार, वर्णने, रसपरिपोष. महदाईसेची रचना नरेंद्राच्या आधीची, त्याच कथेवरची, त्याच पंथातली. पण ती ‘गाणी’ या सदरात. नरेंद्र काव्य लिहितो, एकनाथ काव्य लिहितात, महदाईसा गाणी म्हणते. कालक्रम पाहिला तर मराठीत रुक्मिणीची कथा बांधण्याचा पहिला ज्ञात प्रयत्न तिचा आहे. हा मान ‘आद्य कवयित्री’ या मानापेक्षा मोठा आहे, कारण तो बायकांच्या रांगेपुरता राहत नाही.

बायकांच्या वाट्याला आलेला वाङ्मयप्रकार एखादीने थोरवीला नेला की तो प्रकारच तिच्याभोवती कुंपण होतो, हे काही आपल्याकडेच घडत नाही. चिलीतली गाब्रिएला मिस्त्राल (1889–1957) ही साहित्याचे नोबेल मिळवणारी लॅटिन अमेरिकेतली पहिली व्यक्ती, 1945 साली. बाई की पुरुष हा भेदच नाही, पहिलीच. खेड्यापाड्यांतून शिक्षिका म्हणून वाढलेली, 1922 मध्ये शिक्षणसुधारणेच्या कामासाठी मेक्सिकोने बोलावलेली, पुढे देशोदेशी चिलीची वाणिज्यदूत म्हणून राहिलेली, जमीन, मूलनिवासी, युद्ध यांवर सडेतोड गद्य लिहिणारी. 1938 मध्ये ‘ताला’ हा संग्रह काढून त्याचे उत्पन्न स्पेनच्या यादवी युद्धात अनाथ झालेल्या बास्क मुलांना देणारी. चिलीच्या पाच हजारांच्या नोटेवर तिचा चेहरा आहे. आणि तरी पिढ्यान् पिढ्या तिला ओळखले जाते ते अंगाईगीते आणि मुलांच्या फेरगाण्यांची ममताळू मास्तरीण म्हणून. अंगाई तिने लिहिली, उत्तम लिहिली. पण अंगाईच्या पडद्याआड वाणिज्यदूत आणि वादपटू दिसेनाशी झाली. महदाईसेचे धवळे आणि मिस्त्रालच्या अंगाया यांत साडेसहाशे वर्षे आणि अर्धी पृथ्वी यांचे अंतर आहे, झाकण्याची रीत एकच.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे विचारणाऱ्या महदाईसेकडे. तिचे मूळ नाव रूपाईसा. गोदावरीच्या वरच्या अंगाची, आजच्या जालना जिल्ह्यातली. पुढे पंथाचे आचार्य झालेल्या नागदेवाचार्यांची नात्याने बहीण. लहानपणीच वैधव्य आले. आधी ती रामदेव दादोसांची शिष्या होती आणि तिथून पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्याकडे आली. एवढ्या तपशिलातही एक गोष्ट दिसते. घरात कोपरा धरून बसण्याचे भाग्य लिहिलेली ही बाई एका गुरूपाशी समाधान न झाल्याने दुसऱ्याकडे गेली. वाट शोधत आलेली बाई भोळी असेल, पण केवळ भोळी असणार नाही.

लीळाचरित्र उघडावे. म्हाइंभटांनी रिद्धपुरी चक्रधरांच्या सहवासातल्या माणसांकडून आठवणी मिळवून सिद्ध केलेला, 1278च्या सुमाराचा मानला जाणारा हा ग्रंथ. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ म्हणून त्याचे नाव घेतले जाते. यात शेकडो लीळांचा सांगाडा सारखा आहे. कुणीतरी चक्रधरांना काही विचारतो, स्वामी उत्तर देतात, कधी दृष्टांत सांगतात. म्हणजे या ग्रंथातले निरूपण बऱ्याचदा प्रश्नाने उघडते. आणि विचारणाऱ्यांत महदाईसेचे नाव पुन्हा पुन्हा येते. तीर्थयात्रेला जाऊ का, अमुक देवाचे माहात्म्य काय, असे असे घडले ते का घडले. एका उत्तराने तिचे भागत नाही, ती त्यावर पुढचे विचारते. चक्रधरांनीच तिला जिज्ञासू आणि चर्चा करणारी म्हटले, ही म्हातारी सतत काही ना काही पुसत असते असे ते म्हणाले, अशी नोंद परंपरेने जपली आहे. ज्या पंथात गुरूचा प्रत्येक शब्द सूत्र म्हणून गोळा केला गेला, त्या पंथाने गुरूने एका बाईच्या चिकित्सक स्वभावाला दिलेली ही पावती जपून ठेवली, हे लक्षात घ्यावे. तिची भक्ती, तिचे गाणे, तिची सेवा यांचे कौतुक होऊ शकले असते. कौतुक झाले ते विचारण्याचे.

यावर पूर्वपक्षाचा एक जुना आक्षेप असतो : ‘प्रश्न विचारणे म्हणजे काही लेखन नव्हे. ग्रंथ म्हाइंभटांचा आहे.’ ग्रंथ म्हाइंभटांचा आहे हे खरेच, आणि त्यांची चिकाटी असामान्य होती. पण संवादाच्या रूपातल्या ग्रंथात प्रश्नकर्त्याचा वाटा किती, हा विचार आपण इतरत्र करतो. अर्जुनाशिवाय गीता नाही, असे कीर्तनकारही सांगतो. उपनिषदांतल्या गार्गीचे आणि मैत्रेयीचे नाव त्यांनी विचारलेल्या प्रश्नांमुळेच टिकले आहे. मग महदाईसेच्या प्रश्नांमुळे मराठी गद्यात जी उत्तरे उतरली त्यांचे श्रेय तिला शून्य, हा हिशेब कुठला? प्रश्न बोलीत होता म्हणून उत्तर बोलीत आले. प्रश्न रोजच्या जगण्यातला होता म्हणून दृष्टांत रोजच्या जगण्यातले आले. लीळाचरित्राच्या गद्याचा जो जिवंतपणा आपण वाखाणतो तो एकट्या निवेदकाच्या लेखणीतून आला असे मानणे म्हणजे त्या ग्रंथाची घडणच न समजणे होय.

स्मरणाचेही तसेच. चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांचा परिवार रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या भोवती राहिला. नागदेवाचार्य होते, महदाईसा होती, इतर कितीतरी स्त्री-पुरुष होते. म्हाइंभटांनी या साक्षीदारांकडून लीळा ऐकल्या. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, असे परंपरा सांगते. त्यातला एक पाठ हिराइसा या बाईच्या नावाने ओळखला जातो. तो तिच्या पाठांतरातून आला. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ बायकांच्या प्रश्नांवर उभा राहिला आणि बायकांच्या स्मरणात टिकला. वि. भि. कोलते यांच्या संपादनात तो 1978 मध्ये प्रसिद्ध झाला, त्याला आता जवळजवळ पन्नास वर्षे होत आली. 

मग हा गैरसमज रुजला कसा? माझ्या मते त्यात दुष्टावा कमी आणि योगायोग जास्त. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला, पोथ्या बाहेर येऊ लागल्या, आणि य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, कोलते यांच्यासारख्यांनी आयुष्ये घालून त्या लोकांपुढे आणल्या. पण तोवर मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची मांडणी ठरून गेलेली होती. आरंभस्थानी मुकुंदराज आणि ज्ञानेश्वर बसले होते. उशिरा आलेल्या महानुभावांना जागा मागावी लागली, आणि जागा मागताना ‘आद्य’ हा शब्द हत्यारासारखा वापरावा लागला. आद्य गद्यग्रंथ, आद्य चरित्र, आद्य कवयित्री. त्यांच्या बाजूच्या मंडळींनी हक्क म्हणून तो शब्द लावला, समोरच्यांनी तडजोड म्हणून मान्य केला. दोघांचेही काम झाले. वय ठरले आणि वाचन थांबले. ज्या अभ्यासकांनी महदाईसेला प्रकाशात आणले त्यांचे उपकार मानूनच सांगतो, त्यांनी लावलेले विशेषण पुढच्यांनी निष्कर्ष समजून वापरले.

दुसरे कारण अधिक खोल आहे. बाईला नात्याने ओळखायची आपली खोड. महदाईसा नागदेवाचार्यांची बहीण, मुक्ताबाई ज्ञानदेवांची धाकटी बहीण, आमच्याच गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांची दासी. प्रत्येकीच्या आधी एक पुरुष उभा. त्याच्या तुलनेत तिची उंची मोजायची. नागदेवाचार्यांच्या ओळखीत महदाईसेचा उल्लेख कुणी करतो का, हे एकदा पाहावे.

इथवर आल्यावर एक खबरदारी घेतली पाहिजे, कारण अलीकडे उलट दिशेचाही अतिरेक वाढला आहे. महदाईसा ही मध्ययुगातली बंडखोर स्त्रीवादी होती, तिने पुरुषसत्तेला आव्हान दिले, असे व्याख्यानांतून ऐकू येते. हेही मला पटत नाही. तिने स्वीकारलेली वाट संन्यासाची, अटनाची, भिक्षेची, कडक आचाराची. गुरूची आज्ञा त्या वाटेवर अखेरची असे. तिच्या काव्यातली रुक्मिणी आपला वर आपण निवडते हे खरे, पण कथा लग्नानेच संपते आणि लग्नाचा सोहळा कवयित्रीने आनंदाने गायला आहे. तिच्या तोंडी आजचे जाहीरनामे घालणे म्हणजे तिला पुन्हा एकदा गप्प करणेच. खरे कर्तृत्व याहून निराळे आहे. महानुभाव पंथाने बायकांना संन्यासाचे आणि ज्ञानचर्चेचे दार उघडून दिले, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. दार उघडे असणे वेगळे आणि रोज आत जाऊन गुरूला अडवून विचारणे वेगळे. ते दुसरे महदाईसेने केले.

आणखी एक आक्षेप जरा गंभीर आहे. महदाईसेविषयीची सगळी माहिती पंथाच्याच ग्रंथांतून येते, मग भक्तांनी लिहिलेल्या चरित्रांवर किती विसंबायचे? विसंबताना जपून राहावे, हे मान्य. पण संतचरित्रकार कशाची भर घालतो ते आपल्याला ठाऊक आहे : चमत्कार, दैवी चिन्हे, मोठमोठ्यांची शरणागती. एका म्हाताऱ्या विधवेच्या शंकाकुशंका हा काही चरित्राची शोभा वाढवणारा मजकूर नव्हे. घडलेच नसते तर ते रचण्याचे कारण काय? अॅन फेल्डहाऊस यांनी गोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर 1984 मध्ये केले आणि शं. गो. तुळपुळे यांच्यासह ‘स्मृतिस्थळ’ या नागदेवाचार्यांच्या आठवणींच्या ग्रंथाचे 1992 मध्ये. या ग्रंथांकडे माणसांच्या वागण्याबोलण्याची नोंद म्हणून पाहता येते, हे त्या भाषांतरांतून बाहेरच्या वाचकालाही कळते. नांदेड जिल्ह्यात माहूरला देवदेवेश्वराच्या दर्शनाला येणारा महानुभाव उपदेशी या ग्रंथांना पोथी मानतो, ते त्याच्या ठिकाणी योग्य. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाने ते पंथाचे म्हणून बाजूला सारणे आणि वर त्यांतलाच एक प्रसंग उचलून ‘गाणी उत्स्फूर्त होती’ असा निकाल देणे, या दोन्ही गोष्टी एकदम करता येणार नाहीत. विश्वास ठेवायचा तर गाण्याच्या प्रसंगावरही ठेवा आणि प्रश्नांवरही.

शेवटचा मुद्दा भाषेचा आहे, आणि तिथे रूढ समजूत सर्वांत लंगडी पडते. स्मृतिस्थळात प्रसंग आहे की केसोबासांसारख्या संस्कृतज्ञ शिष्याला नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, कारण तसे झाले तर माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील. हा प्रसंग मराठीच्या अभिमानाचा म्हणून सर्वत्र सांगितला जातो, आणि सांगताना सूर असा लावला जातो की आचार्यांना अडाणी बायाबापड्यांची कणव आली. पण या परिवारातल्या म्हाताऱ्या कोण, हे विसरून कसे चालेल? वर्णमालेच्या क्रमाने काव्य बांधणारी महदाईसा यांतली. ग्रंथ पाठ ठेवणारी हिराइसाही याच परंपरेतली. त्या अडाणी नव्हत्या, फक्त संस्कृताच्या शाळेत त्यांना कुणी बसवले नव्हते. संस्कृतात ग्रंथ गेला असता तर त्यांना नुसते समजायचे राहिले असते असे नव्हे, चर्चेतली त्यांची जागाच गेली असती, आणि आचार्यांच्या पंथाने आपले सर्वांत खोचक प्रश्न विचारणारे लोक गमावले असते. नागदेवाचार्यांना हे कळत होते, कारण असे लोक त्यांच्या घरातच होते. केसोबासांचे ‘रत्नमालास्तोत्र’ संस्कृतात आहे. ‘सूत्रपाठ’ आणि ‘दृष्टांतपाठ’ मात्र मराठीत आहेत.